लेसच्या बॉबिन: कोणत्या घ्यायच्या आणि मणी कसे ओवायचे

बॉबिन लेस विणताना हातात सुई नसते, क्रोशाचा हूकही नसतो. प्रत्येक दोऱ्याचे टोक एकेका बॉबिनवर गुंडाळलेले असते. उशीवर नमुन्याचा कागद लावलेला असतो, त्यावर टाचण्या रोवत आणि दोरे एकमेकांवरून नेत, पीळ देत लेस पुढे सरकते. एका वेळी हातात चार बॉबिन, म्हणजे दोन जोड्या. बाकीच्या उशीवर पडून राहतात. बॉबिनची कामे तीन आहेत: दोरा साठवणे, दोरा पकडायला दांडा पुरवणे आणि दोऱ्याला ताण देणे. तिसरे काम नवशिक्यांच्या लक्षात येत नाही आणि खरेदी फसते ती तिथेच. रंग आणि नक्षी पाहून बॉबिन घेतली जाते, आणि मग बारीक दोरा तुटत राहतो किंवा टाके सैल पडतात.

सजावटीचेही तेच. काही इंग्लिश बॉबिनच्या तळाशी लोंबणारे मण्यांचे कडे दागिन्यासारखे दिसते, पण ते वजन आहे. म्हणून आधी निवड, मग मणी.

बॉबिनचे भाग

वरून खाली: डोके, मान, दांडा, शेपूट. मानेवर दोरा गुंडाळायचा. तो आपोआप सुटू नये म्हणून शेवटी डोक्याखाली दोऱ्याचा एक फास बसवतात. काही बॉबिनना दोन डोकी असतात. वरच्या दोन कंगोऱ्यांमधल्या आखूड मानेत फास बसतो आणि खालच्या लांब मानेवर दोरा राहतो. एकेरी डोक्याच्या बॉबिनमध्ये दोन्ही एकाच मानेवर. बारीक दोऱ्याला दुहेरी डोके सोयीचे, कारण फास आपली जागा सोडत नाही. जाड लिननचा फास मात्र त्या उथळ खाचेत नीट बसत नाही, घसरतो. तिथे एकेरी डोके बरे.

लेस कोणती, त्यावर बॉबिन

इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातल्या, म्हणजे बेडफर्डशर, बकिंगहॅमशर आणि नॉर्दॅम्प्टनशरच्या बॉबिन सडपातळ असतात. लांबी मणी सोडून साधारण ९ ते १० सें.मी. आणि शेपटाला मण्यांचे कडे. या कड्याला स्पँगल म्हणतात. सपाट किंवा किंचित फुगीर उशीवर बॉबिन आडव्या पडतात. कडे नसेल तर गोल दांडा गडगडतो आणि प्रत्येक गिरकीबरोबर दोऱ्याचा पीळ उलगडतो किंवा जास्त चढतो. उलगडलेला दोरा कमजोर होऊन तुटतो. कडे दोन्ही थांबवते, गडगडणेही आणि पीळ बिघडणेही.

इंग्लंडच्याच डेव्हन भागातली हॉनिटन लेस अगदी वेगळी. तिथे फुले-पाने सुटी विणून एकमेकांना जोडतात आणि जोडताना आकड्याने ओढलेल्या दोऱ्याच्या फासातून अख्खी बॉबिन पार करावी लागते. म्हणून तिची बॉबिन हलकी, गुळगुळीत आणि शेपटाला टोकदार असते. तिला मणी लावले की ती त्या कामातून बाद. सजावट हवीच असेल तर दांड्यावर कोरलेल्या, रंग भरलेल्या बारीक रेषांची. जुन्या डेव्हन बॉबिनवर तीच दिसते.

बेल्जियन बॉबिनच्या तळाशी लाकडाचाच फुगवटा असतो, वजन तिथे असते, मणी लागत नाहीत. जर्मन बॉबिनच्या मानेवर लाकडाची पोकळ टोपी चढवतात. त्यामुळे हाताचा घाम आणि मळ दोऱ्याला लागत नाही. लोडासारख्या गोल उशीवर काम होते तिथे बॉबिन समोर लोंबतात, गडगडण्याचा प्रश्नच येत नाही.

नवशिक्याची पहिली लेस बहुतेक वेळा टॉर्शन असते. भौमितिक नमुना, चौकटीच्या जाळीवर बसणारा, दोराही फार बारीक नाही. तिला मिडलंड्सच्या स्पँगलवाल्या बॉबिन चालतात, फुगवट्याच्या बेल्जियनही चालतात. दोन्ही प्रकार एकाच उशीवर मिसळू नका. वजन वेगळे, लांबीही वेगळी, त्यामुळे हाताला ताणाचा अंदाजच बसत नाही. उशी सपाट असेल आणि पुढे बारीक लेस करायची इच्छा असेल तर मिडलंड्स घ्या. फक्त जाड दोऱ्यात टॉर्शन करायची असेल तर फुगवट्याच्या घ्या. मणी ओवायचे कष्टही वाचतात.

वजन आणि दोरा

बारीक दोऱ्याला हलकी बॉबिन, जाड दोऱ्याला जड, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी निवड झाली. घ्यायच्या आधी एक चाचणी करा. जो दोरा वापरणार त्याचा ३० सें.मी.चा तुकडा बॉबिनला बांधा, बॉबिन लोंबकळू द्या आणि मनगटाने दोन-तीन हलके झटके द्या. दोरा तुटला किंवा लांबल्यासारखा वाटला तर बॉबिन जड आहे. झटका दिल्यावरही दोऱ्यात वळ्या राहत असतील तर हलकी आहे.

एका संचातल्या बॉबिनांचे वजन जवळपास सारखे हवे. सोन्याचांदीसाठी वापरतात तसला छोटा डिजिटल काटा असेल तर मणी लावलेल्या बॉबिन तोलून पाहा. अर्ध्या ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही; दोन ग्रॅमचा कळतो आणि लेसच्या कडेत दिसतोही, कारण जड बॉबिन आपला दोरा जास्त ओढून घेते.

संख्या? पहिल्या पट्टीला १२ जोड्या पुरतात, म्हणजे २४ बॉबिन, आणि वर दोन जोड्या ज्यादा ठेवा. पन्नासचा संच स्वस्त पडतो म्हणून लगेच घेऊ नका. चार महिन्यांनी तुम्हाला कोणती लेस आवडेल ते आज ठरत नाही.

हातात घेऊन काय पाहायचे

सगळ्यात आधी मान. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा मानेभोवती गुंडाळून फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी तिथे लाकडाचे कुसळ आहे आणि रेशमी दोरा तिथेच फाटणार. कुसळ बारीक असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी मानेभोवती मागेपुढे ओढा, मग ६०० नंबरची. कंगोऱ्यांच्या आतल्या कडा विसरू नका. लेथवर कातताना तिथेच सालपट उभे राहते आणि बाहेरून दिसत नाही.

मग सरळपणा. बॉबिन काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर लोटा. डोके उडत उडत गेले तर दांडा वाकडा आहे. थोडा बाक चालतो. पण मानेपाशीच वाकलेली असेल तर गुंडाळताना दोरा एका बाजूला ढीग करतो.

मण्यांसाठी शेपटात आडवे भोक असते. ते टोकापासून किमान ३ मि.मी. वर हवे. त्याहून खाली असेल तर भोकाखालचे लाकूड पातळ राहते आणि तार ताणताना चिरते. भोकाचा व्यास १.२ मि.मी.च्या आसपास असावा आणि त्याच्या दोन्ही तोंडांची धार मोडलेली असावी. धारदार तोंड तार कापते.

लाकूड दाट आणि बारीक रेषांचे हवे: प्लम, चेरी, सफरचंद, मेपल, बॉक्सवूड. मऊ, तंतुमय लाकूड टाळा, मान कधीच गुळगुळीत होत नाही. हाडाच्या बॉबिन सुंदर आणि मजबूत असतात. जुनी घेताना भिंगातून पाहिले तर हाडात बारीक काळसर रेषा आणि टिंबे दिसतात. प्लास्टिकमध्ये ती नसतात. विक्रेता हस्तिदंत म्हणत असेल आणि ही टिंबे दिसत असतील तर ते हाडच आहे. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला ऐकलात तर ऐकून सोडून द्या. जुन्या लाकडी बॉबिनमध्ये सुईच्या अग्राएवढी भोके आणि भुकटी दिसली तर ती कीड आहे. घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि तोवर बाकीच्या संचाजवळ आणू नका.

बॉबिन मिळतच नसतील तर सराव चॉपस्टिकवरही होतो: १० सें.मी.चा तुकडा, वरच्या टोकाला घट्ट बसणारा एक मणी गोंदाने चिकटवलेला, त्याखाली २ सें.मी.वर दुसरा. मधली जागा ही मान. दिसायला यथातथाच, पण टाके शिकायला पुरे.

स्पँगल: मणी ओवण्याचे काम

जुन्या रिवाजाच्या कड्यात बहुधा सात किंवा नऊ मणी असतात. तळाला एक मोठा, नक्षीचा. दोन्ही बाजूंना चौकोनी मणी, ज्यांना स्क्वेअर कट म्हणतात. आणि वर भोकाजवळ छोटे गोल. चौकोनी मणी बनवताना तांब्याच्या तारेवर वितळलेली काच गुंडाळून ती गरम असतानाच कानशीने चार बाजूंनी दाबत, म्हणून जुन्या मण्यांवर कानशीच्या खरखरीत रेषा उमटलेल्या दिसतात. नुसता देखणेपणा नव्हे, सपाट बाजूंमुळे कडे उशीवर टेकून बसते. सगळे गोल मणी लावलेत तर कडे घसरते, गडगडणे पुरते थांबत नाही.

एका बॉबिनला लागणारे सामान: तळाचा मणी ८ ते १० मि.मी.चा एक, चौकोनी मणी ५ ते ६ मि.मी.चे सहा, गोल मणी ३ ते ४ मि.मी.चे दोन, आणि ०.४ मि.मी. जाडीची पितळी किंवा तांब्याची तार १३ सें.मी. शिवाय एक चपट्या तोंडाची छोटी पक्कड आणि तार अगदी मुळापासून कापणारे कटर. लोखंडी तार नको. दमट हवेत गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर उमटलेला गंजाचा डाग निघत नाही. तांबे मऊ म्हणून पहिल्या प्रयत्नांना सोपे, पितळ जास्त टिकाऊ पण थोडे स्प्रिंगसारखे उसळते.

मणी आधी तपासा. गोल मणी आणि त्यांच्या शेजारचे चौकोनी मणी यांच्या भोकांतून तार दोनदा जाणार आहे, म्हणून भोक १ मि.मी. तरी हवे. तारेचे दोन तुकडे एकत्र घालून बघा, जात नसतील तर तो मणी बाजूला. काचेच्या नळीसारखे कापलेले लांब मणी वापरू नका, त्यांच्या तुटक कडा तारेला कातरत राहतात. वरून रंगाचा मुलामा दिलेले मणीही नकोत.

आता ओवणे.

१. मणी जमिनीवर नव्हे, रुमालावर क्रमाने मांडा: गोल, तीन चौकोनी, मोठा, तीन चौकोनी, गोल. तार सरळ करून सगळे ओवा आणि मोठा मणी तारेच्या बरोबर मध्यावर आणा.

२. तारेचे उजवे टोक बॉबिनच्या भोकातून डावीकडे काढा. डावे टोक त्याच भोकातून उजवीकडे. भोकात दोन तारा एकमेकींना समांतर राहतील.

३. डावीकडे आलेले टोक डाव्या बाजूच्या गोल मण्यातून आणि त्याखालच्या पहिल्या चौकोनी मण्यातून खाली उतरवा. उजवीकडेही तसेच. टोके आता दोन चौकोनी मण्यांच्या मधल्या फटीतून बाहेर आलेली दिसतील.

४. दोन्ही टोके पकडीने आळीपाळीने, थोडी थोडी ओढा. एकच टोक जोरात ओढले तर मोठा मणी एका बाजूला सरकतो आणि कडे तिरके लोंबते. मण्यांमध्ये सगळी मिळून १ ते १.५ मि.मी. मोकळीक राहिली की थांबा.

५. प्रत्येक टोक त्या फटीतल्या मुख्य तारेभोवती एकच वेढा देऊन घट्ट करा. कटरची सपाट बाजू मण्याकडे ठेवून कापा आणि उरलेले टोक पकडीने पुढच्या मण्याच्या भोकात दाबून बसवा.

६. कड्यावरून मऊ कापूस सगळीकडून फिरवा. एक तंतू अडकला तर टोक बाहेर आहे. पुन्हा दाबा.

कडे भोकात सहज झुलायला हवे. बॉबिन आडवी धरली की ते आपल्या वजनाने खाली पडले पाहिजे. तार फार आवळलेली असेल तर कडे ताठ उभे राहते, दर हालचालीत भोकाच्या तोंडाशी तीच जागा वाकते आणि धातू थकून काही महिन्यांत तिथेच तुटते. मग मणी उशीखाली शोधत बसायचे. उलट फार सैल असेल तर मण्यांमधल्या फटीत शेजारचा दोरा शिरून अडकतो. १ मि.मी.ची मोकळीक सांगितली ती म्हणूनच.

या मापांनी कड्याची रुंदी सुमारे २ सें.मी. होते. त्याहून मोठे करू नका. चाळीस जोड्यांच्या कामात प्रत्येक मिलिमीटर महाग पडतो, आणि रुंद कडी एकमेकांत गुंतून बॉबिन उचलताना शेजारणीलाही घेऊन येतात. मोठ्या मण्याऐवजी बटण, शिंपला, छोटे नाणे लावण्याची इंग्लंडमध्ये जुनी पद्धत आहे आणि ती छान दिसते. मात्र चांदणीसारखे टोकदार, आकड्यांचे लटकन हमखास दोऱ्यात अडकते. ते गळ्यातच शोभते.

रंगांची योजना

मणी लावताना रंग खुणेसाठी वापरता येतात. कापडी टाक्यात एक जोडी आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते-येते आणि बाकीच्या उभ्या राहतात. ही विणणारी जोडी हरवली की नवशिक्या गोंधळतो. दोन बॉबिनना बाकीच्यांपेक्षा उठून दिसणारा, समजा लाल, तळमणी लावा आणि विणणारी जोडी नेहमी त्यांच्यावरच गुंडाळा. जाड बाह्यरेषेच्या दोऱ्याची, म्हणजे गिम्पची जोडीही अशीच वेगळी ठेवा. बकिंगहॅमशरमध्ये गिम्पच्या बॉबिनच्या दांड्यावर प्युटरच्या, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूच्या, सुट्या कड्या असत. अशा बॉबिनला ट्रॉली म्हणत. ती नुसती हाताला लागली तरी ओळखू येते.

प्रत्येक जोडीला हुबेहूब सारखे मणी लावायचा हट्ट अनेकांना असतो. गुंडाळताना त्याचा उपयोग होतो, कारण एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सारख्या बॉबिनवर जातात. विणायला लागले की चार टाक्यांत जोड्या फुटतात. हौस म्हणून करा, गरज म्हणून नको.

दांड्याची सजावट

एकच नियम मोडायचा नाही: मानेला रंग, वॉर्निश, तेल काहीही लागता कामा नये. तिथे दोरा महिनोन्‌महिने घट्ट गुंडाळलेला राहतो आणि जे लागले असेल ते शोषून घेतो. रंगकामापूर्वी मानेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा.

दांडा २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, शेवटचे हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने. ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. वर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वॉर्निश, आणि दोरा गुंडाळण्याआधी आठवडाभर वाळू द्या. बोटाला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नाही. जवसाचे तेल टाळा. वाळायला आठवडे लागतात, पिवळे पडते, आणि त्याने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी ओला पांढरा सुती दोरा दांड्यावर घट्ट गुंडाळून तासभर ठेवा. दोरा रंगला तर आणखी एक वॉर्निशचा हात.

तारेचे वेढे देणार असाल तर दांड्यात आधी उथळ खाच हवी. सपाट दांड्यावर गुंडाळलेली तार लाकूड सुकून आकसले की सैल होऊन घसरते. वेढ्यांनी वजन वाढते, तेवढे मणी कमी करा.

जुन्या मिडलंड्स बॉबिन एकदा पाहून ठेवाव्यात, कल्पना तिथून भरपूर मिळतात. दांड्यावर प्युटरचे पट्टे असतील तर ती टायगर, ठिपके असतील तर लेपर्ड, पंखांसारखे तुकडे असतील तर बटरफ्लाय. मदर अँड बेबमध्ये पोखरलेल्या दांड्याच्या खिडक्यांतून आत खुळखुळणारी इवलीशी बॉबिन दिसते. काऊ इन काफमध्ये दांडा ओढून दोन भाग केले की आतली छोटी बाहेर येते. कित्येकांवर छोट्या छोट्या ठिपक्यांची भोके पाडून, त्यांत लाल-निळा रंग भरून, दांड्याभोवती चढत जाणारी नावे आणि प्रेमाचे संदेश लिहिलेले असत. बेडफर्डला जाहीर फाशी दिलेल्यांची नावेही त्यांतून सुटली नाहीत. १८६० सालच्या जोसेफ कॅसलच्या फाशीची बॉबिन संग्राहकांना चांगली ठाऊक आहे.

असे ठिपक्यांचे नाव स्वतः घालायचे असेल तर पेन्सिलने दांड्याभोवती चढती रेषा आखा, ०.८ मि.मी.च्या ड्रिलने अर्धा मि.मी. खोल ठिपके पाडा, त्यांत ॲक्रिलिक दाबून भरा आणि वरचा जास्तीचा रंग ओल्या फडक्याने लगेच पुसा. आधी वॉर्निशचा एक हात दिलेला असेल तर पुसताना रंग लाकडाच्या छिद्रांत पसरत नाही. उलट क्रमाने केले की अक्षरांभोवती धुरकट डाग राहतो आणि तो पॉलिश पेपरनेही पुरता जात नाही.

दोरा चढवून शेवटची चाचणी

तयार बॉबिनवर एक मीटर दोरा गुंडाळा. सगळ्या बॉबिनवर दिशा एकच. काहींवर उलटी गेली तर तेवढ्यांच्या दोऱ्याचा पीळ वेगळा वागतो आणि फासही उलटा बसतो. फास लावून बॉबिन लोंबकळू द्या. दोरा आपोआप उलगडत खाली आली तर दोरा निसरडा आहे. रेशमाला आणि रेयॉनला फासाचे दोन वेढे लागतात. कामाच्या वेळी उशीपासून बॉबिनपर्यंत ८ ते १० सें.मी. दोरा मोकळा असावा. त्याहून लांब सोडला की कडी एकमेकांवर चढतात आणि दोष मण्यांना दिला जातो.

बॉबिन वापरून झाल्या की त्या जोड्यांनी कापडी खणांच्या गुंडाळीत ठेवा, डब्यात मोकळ्या ओतू नका. मणी मानेवर आपटून तिथे टवके उडतात, आणि नायलॉनच्या मोज्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.